ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) अपग्रेडनंतर जुना पीसी रडतोय, मदत हवी आहे

मंडळी, बाबांचा जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि साधी हार्डडिस्क, नवीन ओएस टाकल्यापासून इतका स्लो झालाय की चालू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतंच असतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १००%, सीपीयू मात्र निवांत, म्हणजे लोचा डिस्कचाच ना? स्टार्टअपमधलं फालतू सगळं बंद केलं, फरक शून्य. लॅमिंग्टन रोडला (मुंबईचं कॉम्प्युटर मार्केट) जाऊन २.५ इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा बरीच वेगवान डिस्क) आणि अजून ४ जीबी रॅम घ्यावी का? (दुकानदार अर्थात नवीन मशीनच गळ्यात मारणार.) लिनक्स (ही वेगळीच ओएस) प्लीज सुचवू नका, सोसायटीचे हिशोब जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत, बाबा घर डोक्यावर घेतील. आणि एसएसडी घेतलीच तर जुनी डिस्क क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करू की ओएस फ्रेश इन्स्टॉल?