मदत हवी आहे: आदिवासी संस्थेसाठी निधीचा प्रस्ताव कुणाकडून लिहून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या नोंदणीकृत संस्थेचं कार्यालयीन काम बघते. संस्था आदिवासी समाजातल्या लोकांनीच उभी केली आहे. निर्णय बैठकीत होतात आणि ज्येष्ठांच्या संमतीशिवाय काही पुढे जात नाही. पारंपरिक बियाणं राखणं आणि मुलांना आपली भाषा शिकवणं, ही मुख्य कामं. आजवर लहानसहान देणग्यांवर भागलं. आता मोठ्या निधीसाठी अर्ज करायचाय आणि तसा प्रस्ताव लिहायचा अनुभव आमच्यात कुणालाच नाही, म्हणून बाहेरचं कुणीतरी घ्यायचं ठरलंय.

एक सल्लागार कंपनी म्हणते, आत्ता काही देऊ नका, निधी मंजूर झाला की त्यातले ठरावीक टक्के द्या. आपले बहुतेक सगळे प्रस्ताव मंजूर होतात असंही सांगते. दुसऱ्या एक बाई आहेत, एकट्याच काम करतात. निकाल काहीही लागो, ठरलेली फी घेतात. आधी बैठकांना बसून ऐकेन, मग लिहायला घेईन, असं त्यांचं म्हणणं. त्यात मुदत हुकेल अशी कार्यकारिणीला धास्ती आहे.

कंपनीने पाठवलेला कच्चा मसुदा वाचला आणि मन खट्टू झालं. पहिल्याच पानावर समाज 'असहाय आणि अज्ञानी'. बजेटमध्ये प्रकल्प व्यवस्थापक बाहेरचा, पूर्ण पगारी; आणि आयुष्यभर बियाणं राखत आलेल्या आजी 'स्वयंसेवक', मानधनाचा रकाना कोरा! एका औषधी कंदाबद्दल याच आजींनी बैठकीत विश्वासाने सांगितलं होतं. तो कुठे उगवतो, कसा वापरतात, सगळं मसुद्यात जसंच्या तसं उतरलंय. हा कागद पुढे कुणाकुणाच्या हाती जाईल काय सांगावं?

काही सदस्य म्हणतात, भाषा सुधारून घेऊ, आधी पैसे तर द्यायचे नाहीत ना. मला हे अजिबात पटत नाही, पण बैठकीत मांडायला नेमके मुद्दे हवेत. टक्केवारीवर काम देणं योग्य असतं का? निवडताना काय विचारावं आणि करारात काय लिहून घ्यावं?

प्रतिसाद – सुनेत्रा

ताई, तुम्हाला खटकलं ते रास्त आहे. टक्केवारीला सरळ नाही म्हणा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स आणि ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन, या क्षेत्रातल्या दोन्ही मोठ्या व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घेणं बसत नाही. व्यवहारातली अडचण वेगळीच. निधी येतो तो मंजूर बजेटमधल्या कामांसाठी, आणि प्रस्ताव लिहिण्याचा खर्च मंजुरीच्या आधीचा. तो अनुदानातून भागवायला बरेच देणगीदार परवानगी देत नाहीत. मग ते टक्के कुठल्या खात्यातून देणार? ऑडिटमध्ये उत्तर तुमच्या संस्थेला द्यावं लागेल, कंपनीला नाही.

'बहुतेक मंजूर होतात' याला फार महत्त्व देऊ नका. जुन्याच देणगीदाराकडे नूतनीकरणाचे अर्ज केले की हे प्रमाण सहज वाढतं. त्यापेक्षा दोघांनाही नामंजूर झालेला एखादा प्रस्ताव आणि त्यावरचे परीक्षकांचे शेरे दाखवायला सांगा (आधीच्या संस्थेची परवानगी घेऊन, नावं झाकून). परवानगीचा विचार न करता कुणी लगेच फाइल पुढे केली, तर तुमचीही फाइल उद्या अशीच दुसऱ्याकडे जाणार हे समजा.

कंदाचा मुद्दा बैठकीत सगळ्यात आधी घ्या. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातलं ३१वं कलम पारंपरिक ज्ञान, बियाणं आणि औषधं यांवर समाजाचं नियंत्रण मान्य करतं. करारात स्पष्ट लिहून घ्या: मुलाखती, फोटो, नोंदी आणि मसुदा यांची मालकी संस्थेची, ज्येष्ठांनी वाचून किंवा ऐकून होकार दिल्याशिवाय काही पाठवायचं नाही, काम संपल्यावर सगळं परत. आजींना मसुदा त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि त्या 'हे काढा' म्हणाल्या तर ते काढायचंच. पोर्टलवरचं खातंही संस्थेच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. सल्लागाराच्या ईमेलवर खातं असलं की पुढच्या अहवालाच्या वेळी फार हाल होतात.

मी बाईंना घेईन. मुदतीची धास्ती असेल तर नोंदणीची कागदपत्रं, ऑडिट झालेले हिशेब, ठराव, कार्यकारिणीची यादी हे सगळं आत्तापासून जमवायला घ्या. शेवटच्या आठवड्यात लोक यातच अडकतात. आणि तरीही मुदत हुकत असेल तर पुढच्या फेरीत अर्ज करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार, सुनेत्राताई. ऑडिटचा मुद्दा खजिनदारांना लगेच कळवला. कंपनीला आधीचा मसुदा आणि नोंदी काढून टाकून तसं लेखी कळवा, असं पत्र पाठवतेय. बाईंशी करार करण्याआधी एक विचारायचं आहे: मंजुरीनंतरचे अहवाल लिहिण्याचं कामही त्याच करारात घालावं, की वेगळं ठेवावं?

प्रतिसाद – सुनेत्रा

वेगळं ठेवा. पहिला अहवाल त्यांनी तुमच्यापैकी दोघांना सोबत बसवून लिहावा, त्या शिकवण्याची फी वेगळी द्या. दुसरा अहवाल तुम्ही लिहा, त्यांनी फक्त तपासून द्यावा.