जिंजिव्हायटिस आणि पेरिओडॉन्टायटिस यांत नेमका फरक काय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
आईच्या केसपेपरवर पूर्वी ‘जिंजिव्हायटिस’ असे लिहिले होते. या वेळी ‘पेरिओडॉन्टायटिस, स्टेज २’ असे आहे. घरात दोन्हींना पायरियाच म्हणतात. आजार तोच आहे, की खरोखर काही वेगळे घडले आहे? तिला मधुमेह आहे आणि ती अनेक वर्षे मिशरी लावते.

उत्तर (दंतवैद्य, शाहूपुरी)
आजार पुढे सरकला आहे. जिंजिव्हायटिसमध्ये सूज हिरडीपुरतीच असते. हिरडी लाल होते, ब्रश लागताच रक्त येते, पण दाताला धरून ठेवणारे हाड शाबूत असते, त्यामुळे तो पूर्ण बरा होऊ शकतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये लो या दंतसंशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या.

पेरिओडॉन्टायटिसमध्ये दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि ते हाडही झिजते. हिरडी आणि दात यांच्यामधील फट आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक प्रोबने मोजतो. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर असते. मात्र सुजलेली हिरडी वर चढल्यामुळेही फट खोल भरते, म्हणून केवळ त्या आकड्यावर निदान न करता तंतूंची पकड किती सुटली आहे हे पाहावे लागते आणि एक्स-रेही काढावा लागतो. स्टेज २ मध्ये हाडाची झीज मुळाच्या लांबीच्या साधारण १५ ते ३३ टक्के असते.

उत्तर (कागल)
ताई, मिशरीने हिरड्या घट्ट होतात असा आपल्याकडे पक्का समज आहे. पण मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती जिथे रोज चोळली जाते तिथली हिरडी खाली सरकू लागते. माझ्या सासूबाईंची मिशरी सोडवताना घरात फार वाद झाले, तरीही आईंना आग्रहाने सांगा.

प्रश्नकर्ती
स्वच्छता केल्यावर झिजलेले हाड परत येईल का?

उत्तर (दंतवैद्य, शाहूपुरी)
बहुतेक वेळा येत नाही. पुढची झीज थांबवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट असते. मुळांपर्यंतची सफाई झाल्यावर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास हा आजार वेगाने वाढणारा मानतात, म्हणून तो अहवाल दंतवैद्यांना अवश्य दाखवावा.