दिवाळीला मुलांना पुस्तकंच द्यावीत का?

सातारची मावशी:
यंदा मी घरी सांगून टाकलंय: भाऊबीजेला भाचरांना कपडे-खेळणी नाहीत, पुस्तकं. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या जोडीला वाचन आपल्याकडे आहेच. मुलांसाठी बालभारतीनं १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केलं. माझ्या जुन्या ‘किशोर’च्या पानांवर चकलीच्या तेलाचे डाग अजून आहेत. भाचरांना हे का मिळू नये?

दोन मुलींचा बाबा:
ताई, मनापासून विरोध. गेल्या दिवाळीत लेकीला तीन पुस्तकं आली, तिन्ही संस्कारकथा. तिनं कागद फाडला, मुखपृष्ठ बघितलं, ‘थँक्यू आत्या’ म्हणाली आणि पुस्तक गादीवर पालथं ठेवलं. अजून उघडलेलं नाही. सुट्टीत मुलांना किल्ला करायचा असतो, मातीत हात घालायचे असतात. अशी पुस्तकं मोठ्यांच्या समाधानासाठी दिली जातात.

सातारची मावशी:
दोष निवडीचा आहे हो. मुलीलाच दुकानात न्या, तिला हवं ते उचलू द्या. भुताचं असलं तरी चालेल.

तालुक्यातला मास्तर:
कुठल्या दुकानात? आमच्याकडे गाईडं आणि वह्या मिळतात, गोष्टीचं पुस्तक नाही. मी जिल्ह्याच्या गावाहून नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, स्वस्त पुस्तकं आणतो. मुलं ती इतकी हाताळतात की पिना निघतात, मग आम्ही सुई-दोऱ्यानं शिवतो. बाबासाहेब, तुमच्या लेकीला तीन आली म्हणून नकोशी झाली. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय छापलेलं काही नाही, त्या पोराला आत स्वतःचं नाव लिहिलेलं एक पुस्तक देऊन बघा. आमच्या वर्गातला एक जण ते उशाखाली घेऊन झोपतो.

पुण्यातली आई:
माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, आठ वर्षांचा. बोलतो झकास मराठी, पण जोडाक्षर आलं की अडतो आणि पुस्तक मिटतो. त्याला नुसतं पुस्तक देणं म्हणजे त्याला त्याची उणीव दाखवणं. रोज शेजारी बसून वाचून दाखवणार असाल तर द्या, नाहीतर देऊ नका.

दोन मुलींचा बाबा:
हे पटलं. मास्तर, तुमचंही. तरी ‘खेळण्यांऐवजी’ला माझा विरोध कायम आहे. पुस्तक सोबत द्या.

सातारची मावशी:
बरं, किल्ल्यावरचे मावळेही आणते. आणि भाऊबीजेला मुक्कामच करते. रात्री फराळाचे डबे झाकले की मी वाचेन, पोरांनी ऐकायचं.