ओसीपीडीला 'मंत्रचळ' म्हणावं का?

अनघा: कोथरूडमधल्या एका समुपदेशन केंद्राच्या पत्रकासाठी दहाही व्यक्तिमत्त्व विकारांना मराठी नावं हवी आहेत. त्यातल्या ओसीपीडीपुढे, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डरपुढे, मसुद्यात 'मंत्रचळ' लिहिलंय. चालेल?

मंदार: अजिबात नाही. मंत्रचळ म्हणजे ओसीडी, ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, हा वेगळा आजार. तिथे नको असलेला विचार डोक्यात घुसतो, हात पुन्हापुन्हा धुतले जातात आणि त्याचा जाच स्वतःलाच होतो. ओसीपीडीत माणसाला आपलंच बरोबर वाटतं, जाच घरच्यांना. याद्या नि नियमांत इतका गुंततो की मूळ काम राहूनच जातं. दुसऱ्यावर काम सोपवत नाही, निकामी वस्तू टाकवत नाहीत. अशा आठांपैकी किमान चार लक्षणं लागतात. 'अतिकाटेकोर' लिहा.

विसूभाऊ: मग अर्धी सदाशिव पेठ रुग्ण! बाकी मंत्रचळ म्हणजे मंत्रापायी लागलेला चळ. तोच मंत्र घोळवत बसणारा. इतका नेमका शब्द सोडू नका.

मंदार: नेमका आहे, पण ओसीडीसाठी. आणि पाटी लावणं हा विकार नव्हे. तरुणपणापासून, सगळीकडे तसाच, नोकरी-नाती बिघडली तरी न वाकणारा स्वभाव असेल तरच विकार.

निशिगंधा: नार्सिसिस्टिकला 'स्वमग्न' लिहिलं असेल तर आधी खोडा. तो शब्द ऑटिझमसाठी रूढ आहे. 'आत्मरत' बरा.

विसूभाऊ: 'आत्मरत' कोणाला कळणार? सरळ 'आत्मप्रौढी' लिहा.

निशिगंधा: त्यात नुसती बढाई येते. कौतुकाची भूक, दुसऱ्याच्या भावनांची फिकीर नसणं कुठे आलं? स्किझॉइड आणि अव्हॉयडंट दोघांनाही 'एकलकोंडा' लिहितात, तेही चूक. पहिल्याला सोबत नकोच असते. दुसऱ्याला हवी असते, पण नाकारलं जाण्याची धास्ती. दुसरा 'बुजरा'.

अनघा: आणि बॉर्डरलाइन? 'सीमावर्ती'?

मंदार: नको. १९३८मध्ये मनोविश्लेषक स्टर्न यांनी न्यूरोसिस (वास्तवाचं भान राहतं असा मनोविकार) आणि सायकोसिस (भान सुटतं असा) यांच्या सीमेवरचे रुग्ण म्हणून ते नाव वापरलं. ती सीमा आज फारशी मानली जात नाही. शिवाय 'शुगर बॉर्डरलाइनवर आहे' ऐकलेल्या माणसाला हा आजारही किरकोळच वाटतो. 'भावनिक अस्थिरता' म्हणा.

निशिगंधा: मुळात २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, वेगवेगळे प्रकार मोडीत काढलेत. सौम्य, मध्यम, तीव्र एवढंच ठरवायचं, वर स्वभावविशेष जोडायचे. बॉर्डरलाइनची तेवढी वेगळी नोंद राहिली. यादी कशाला?

अनघा: केंद्र डीएसएम, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका वापरतं, तिथे दहाच आहेत.

विसूभाऊ: मग हिस्ट्रिऑनिकला, म्हणजे सतत सगळ्यांचं लक्ष वेधू पाहणाऱ्याला, 'नाटकी' लिहिणार? पत्रक नातेवाइकांच्याच हातात पडतं म्हणून विचारतो.