बारावीनंतर बीए जर्मन की बीकॉम आणि बाजूने लेव्हल्स?

जर्मनवाली_मुलगी:
नमस्कार मंडळी, पुण्यात बारावी कॉमर्सला आहे, मॅक्स म्युलर भवनची ए२ झालीये, बी१ चालू आहे (जर्मनच्या ए१ ते सी२ अशा सहा लेव्हल्स असतात). मला बीए जर्मनच करायचंय पण बाबांचं म्हणणं बीकॉम कर आणि सोबत सी१ पर्यंत लेव्हल्स दे, कंपन्या तेवढंच बघतात. बीएत असं वेगळं काय असतं? नंतर जर्मनीत एमए करायची पण इच्छा आहे.

कोथरूडचा_उंदीर:
बाबा बरोबर बोलतायत. मी हिंजवडीत जर्मन क्लायंटची इन्व्हॉइसेस बघतो, इंटरव्ह्यूला बी२ चं सर्टिफिकेट मागितलं आणि फोनवर दहा मिनिटं जर्मनमध्ये बोलायला लावलं, बस. बीकॉम असेल तर उलट बरंच. कथा-कविता काय घरी पण वाचता येतात.

नेकारकाठी:
नोकरीचं ठीक आहे हो, पण तिने एमएचं विचारलंय ते राहिलंच की. इथे जर्मनीत जर्मनिस्टिकच्या, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या, एमएला बॅचलर्समध्ये त्याच विषयाचे पुरेसे क्रेडिट्स लागतात, बीकॉम आणि सी१ घेऊन गेलीस तर अर्ज बहुतेक तिथेच अडकेल. मी पुण्यात बीए करून ट्युबिंगनला आले. तरी पहिल्या सेमिस्टरला फेफे उडाली कारण भाषा येणं वेगळं आणि सेमिनारमध्ये एका कवितेवर दीड तास वाद घालणं वेगळं. विषयाचे साधारण तीन भाग, आधुनिक साहित्य, भाषाशास्त्र आणि मध्ययुगीन साहित्य, आणि या तिसऱ्यात १२०० च्या आसपासचं नीबेलुंगनलीड हे महाकाव्य मूळ भाषेत वाचायचं म्हणजे आपण ज्ञानेश्वरी उघडल्यावर होतं तसं, शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ निसटतो. मला तेच सगळ्यात आवडलं, बाकीचे रडत होते. सेमिस्टर संपलं की हाउसआरबाइट, म्हणजे पंधरा-वीस पानी निबंध, तळटीपांसकट.

पैशाचं पण बघ. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला ट्यूशन फी नाही, पण ट्युबिंगन, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहेत तिथे २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली कागदपत्रं तपासल्याचा दाखला, त्याला लवकर लाग, ऐनवेळी धावपळ नको.

मुनिरका_रिटर्न:
दिल्लीचं जेएनयू का नाही कोणी सांगत? बीए ऑनर्स जर्मन आहे, सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश, भाषा शून्यापासून सुरू करतात त्यामुळे तुला पहिलं वर्ष सोपं जाईल, आणि फी तर पुण्यातल्या क्लासपेक्षा कमी. मी स्पॅनिशला होते, अर्धं लॅटिन अमेरिकाच वाचलं. फक्त नुसतं बोलायला शिकायचंय म्हणून येऊ नकोस, अशी मुलं दुसऱ्या वर्षी कंटाळतात.

जर्मनवाली_मुलगी:
क्रेडिट्सचं माहितीच नव्हतं, बाबांना हेच दाखवते. नेकारकाठी ताई, बीए संपेपर्यंत सी१ होतं का?

नेकारकाठी:
नुसत्या बीएवर नाही गं, माझं बी२ पर्यंतच झालेलं, पुढचं वेगळा क्लास लावून. इथे विद्यापीठं प्रवेशासाठी डीएसएच-२ किंवा टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षा मागतात, टेस्टडाफला चारही भागांत ४ ही पातळी. तिसऱ्या वर्षी दे.

कोथरूडचा_उंदीर:
१५०० युरो सेमिस्टरला 😳 माझी इन्व्हॉइसेसच बरी.