बॅटरी आधी काढा, वायरिंग नंतर

दादा, होटगी रोडवर गाडी बॉनेटखाली पेटली, आग विझवायच्या सिलिंडरची पावडर मारून विझवली आणि आता ‘नुसतं वायरिंग बदलून घेतो’ म्हणताय, ते वाचून राहवलं नाही. बॅटरीची वायर काढली का? नसेल तर आधी ती काढा. फोटो काढून विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) लगेच बोलवा. त्याने पाहिलं की त्याच दिवशी ती पावडर साफ करा. त्यात बहुधा अमोनियम फॉस्फेट असतं. ओल धरली की ॲल्युमिनियम आणि कनेक्टरच्या पिना खाते.

माझी गाडी विजापूर रोडला पेटली होती. टर्बोजवळून (इंजिनात जास्त हवा ढकलणारा, खूप तापणारा भाग) नेलेला पेट्रोलचा रबरी पाइप, क्लिप सैल. वायरिंगचं वरचं कव्हर शाबूत दिसत होतं, पण ब्लेडने चिरलं तर आतल्या तारा वितळून एकमेकींना चिकटलेल्या. म्हणून दुरुस्तीला मंजुरी आली की फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आतपर्यंत उघडून बघा. ब्रेकचे होस (रबरी नळ्या) तर बदलाच, त्यात काटकसर अजिबात नको.

टर्बो, एक्झॉस्ट बाहेरून बसवले असतील तर ते विमा पॉलिसीत नोंदवले होते का? नसतील तर त्यांचे पैसे मिळणं अवघड, क्लेमही अडू शकतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. बॅटरीची वायर आणि पावडरची सफाई सोडली तर विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटही खोलू देऊ नका.