जुन्या नाट्यगृहात प्रयोगासाठी कोणती जागा घ्यावी?

पहिली घंटा:
शहराच्या जुन्या मध्यवस्तीत असलेल्या, शंभरी केव्हाच ओलांडलेल्या एका नाट्यगृहात पुढील महिन्यात मला दोन कार्यक्रमांना जायचे आहे. एक संवादप्रधान नाटक आहे, तर दुसरी ध्वनिक्षेपकाविना होणारी तंतुवाद्यांची मैफल. आजवर मी नव्या सभागृहांतच प्रयोग पाहिले असल्यामुळे या वास्तूचा आसनांचा नकाशा पाहून गोंधळून गेले. प्रेक्षागृह घोड्याच्या नालेसारखे आहे, एकावर एक तीन सज्जे आहेत, दोन्ही बाजूंना बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठी वेगळे केलेले छोटे कप्पे, आहेत आणि कितीतरी जागांपुढे ‘दृश्य अंशतः अडते’ अशी नोंद आहे. सोबत माझे वडील असतील. त्यांची पंचाहत्तरी झाली असून गुडघे दुखतात आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. कोणत्या जागा घ्याव्यात आणि जाण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्शनी पडदा:
दोन्ही कार्यक्रमांसाठी एकाच प्रकारची जागा घेऊ नका. नाटकासाठी मुख्यतः डोळ्यांची सोय पाहावी लागते आणि मैफलीसाठी कानांची, आणि जुन्या वास्तूत या दोन्ही सोयी क्वचितच एका ठिकाणी मिळतात.

नालेच्या आकाराची प्रेक्षागृहे रूढ झाली त्या काळात प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहातले दिवे जळत असत आणि लोक रंगमंचाइतकेच एकमेकांना पाहण्यासाठी येत. इटलीतल्या मिलानचे ला स्काला हे ऑपेरागृह १७७८ मध्ये उघडले, ते याच घडणीचे आहे. अशा ठिकाणी बाजूच्या बॉक्समध्ये बसणाऱ्याचे तोंड समोरच्या बॉक्सकडे असते आणि रंगमंचासाठी त्याला मान वळवून बसावे लागते. १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला उभ्या राहिलेल्या नाट्यगृहात बाजूचे बॉक्स काढून टाकून, वादकवृंद नजरेआड खाली बसवून आणि प्रेक्षागृहात अंधार करून सर्वांचे लक्ष रंगमंचाकडे वळवण्यात आले, पण तुम्ही जाणार आहात ती वास्तू त्या घडणीची दिसत नाही. म्हणून नाटकासाठी बाजूचे बॉक्स टाळा.

दुसरी अडचण खांबांची. पोलादी तुळयांच्या आधाराने सज्जा अधांतरी पुढे काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, आणि त्याआधीचे सज्जे बहुधा बिडाच्या खांबांवर उभे असतात. अशाच एका खांबामागे बसून मी एका नाटकाचा पहिला अंक पाहिला आहे. खांब जेमतेम वीतभर रुंद होता, परंतु मुख्य प्रवेश नेमका त्याच्या आड झाला. पत्र धरलेला हात मला दिसत होता, ते वाचणाऱ्या अभिनेत्रीचा चेहरा मात्र शेवटपर्यंत दिसला नाही. ‘अंशतः’ या शब्दाने फसू नये, एवढेच सांगायचे आहे.

नाटकासाठी तळमजल्यावर सहाव्या ते दहाव्या रांगेतल्या, मध्याच्या जरा डावीकडच्या जागा घ्या. तेथे बसल्यावर वडिलांचा उजवा, म्हणजे चांगला कान रंगमंचाच्या बाजूला राहील.

नादलुब्ध:
नाटकाबाबत वरील मताशी मी सहमत आहे. मैफलीसाठी मात्र वर जावे, असा माझा आग्रह आहे. सज्जातल्या जागा स्वस्त असतात म्हणून कमी प्रतीच्या, असे समजणे चूक आहे. ला स्कालामधल्या सर्वांत वरच्या सज्जातले श्रोते सर्वांत कठोर परीक्षक म्हणून ओळखले जातात.

वाद्य थांबल्यावर नाद किती वेळ रेंगाळतो, याचे शास्त्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी मांडले आणि १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत ते वापरले गेले. मोठ्या वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा रेंगाळ शोभतो, तर बोललेले शब्द स्पष्ट कळण्यासाठी तो साधारण एक सेकंदाच्या आसपास हवा. जुन्या नाट्यगृहांत गाद्या, मखमली पडदे, बॉक्सचे कोनाडे आणि दाटीने बसलेली माणसे पुष्कळ नाद शोषून घेतात. त्यामुळे तेथे संवाद छान ऐकू येतात, तंतुवाद्ये मात्र थोडी कोरडी वाटतात. वरच्या सज्जात मूळ नादाला छतावरून परतणाऱ्या नादाची जोड मिळते, आणि कोरडेपणा पुष्कळसा भरून निघतो.

सर्वांत वाईट जागा म्हणजे तळमजल्याच्या अगदी मागच्या, सज्जाखाली खोल गेलेल्या रांगा. ओळखण्याची खूण सोपी आहे. खुर्चीत बसून मान वर केल्यावर मुख्य छत दिसत नसेल, तर छतावरून परतणारा नादही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि व्हायोलिन शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखे ऐकू येते. नाटकाच्या दिवशी मध्यंतरात दोन-तीन ठिकाणी उभे राहून हे स्वतः पडताळून पाहा.

तळमजला:
वर जाण्याचा सल्ला उत्तम आहे, परंतु गुडघ्यांचा विचार आधी व्हायला हवा. अनेक जुन्या वास्तूंत वरच्या सज्जांचे प्रवेशद्वार आणि जिने पूर्णपणे वेगळे असतात, पायऱ्या उंच असतात, आणि लिफ्ट नंतर बसवलेली असल्यास ती सर्व मजल्यांपर्यंत जातेच असे नाही. म्हणून तिकीटखिडकीवर फोन करून चार गोष्टी विचारा: लिफ्ट कोठपर्यंत जाते, जागेपर्यंत किती पायऱ्या उरतात, त्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे का, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी काही सोय आहे का. सज्जाची पहिली रांग घेण्यापूर्वी कठड्याचेही विचारा. सुरक्षेसाठी नंतर बसवलेला पितळी दांडा बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांसमोर येऊ शकतो.

जागेवर बसताच बाहेर पडण्याची जवळची वाट पाहून ठेवा. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. रंगमंचावरची आग प्रेक्षागृहात येऊ नये म्हणून खाली सोडायचा अग्निरोधक पडदा अर्ध्यावर अडकला होता आणि बाहेर जाण्याची कित्येक दारे बंद होती. दाबताच बाहेर उघडणाऱ्या दारांचा आग्रह त्यानंतरच वाढला. काही नाट्यगृहांत अग्निरोधक पडदा मध्यंतरात सर्वांसमोर खाली सोडतात. तुमच्याकडे तसे होत असेल, तर बाहेर जाण्याची घाई न करता तो अवश्य पाहा.

पहिली घंटा:
सर्वांची मनापासून आभारी आहे. आज तिकीटखिडकीवर बोलले. लिफ्ट पहिल्या सज्जापर्यंतच जाते आणि तेथून दुसऱ्या रांगेपर्यंत पाचच पायऱ्या आहेत. त्यामुळे मैफलीसाठी पहिल्या सज्जातली दुसरी रांग आणि नाटकासाठी तळमजल्यावरची आठवी रांग, मध्याच्या डावीकडे, अशी तिकिटे घेतली आहेत. खांब कोठे आहेत तेही विचारले. ते चौदाव्या रांगेपासून मागच्या बाजूला सुरू होतात.